विलंबाचे कारण

चिमटाबाईने दुसरा हातमोजा चढवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून दोन मिनिटे. मिठाच्या पाण्याचे तीन वाडगे तिने बर्फात बसवून ठेवले होते. बर्फ वितळला आणि आता वाडगे डुलायला लागले होते. वरून फोन आला होता नऊ वाजून चौदा मिनिटांनी. मुलगी झाली, वजन कमी आहे, वार आत्ताच पडली, मावशी ट्रे घेऊन निघाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या प्रसूतिगृहातून तळघरातल्या या प्रयोगशाळेत यायला माणसाला चार मिनिटे लागतात. मावशींना तीन.

दहा वाजून पाच मिनिटांनी कोपराने दार ढकलून मावशी आत आल्या.

"लिफ्ट अडकली होती," त्या म्हणाल्या.

चिमटाबाईने काही विचारले नव्हते. तिने ट्रे घेतला. झाकण गार होते. एरवी ते कोमट असायचे, हातमोज्यातूनही कळण्याइतके. बर्फ आणायला ती स्वतः पावणेदहाला लिफ्टने वर जाऊन आली होती.

"पोरगी कशी आहे?"

"चौदाशे साठ ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवलीय."

"रडली?"

"मांजरीच्या पिल्लाएवढी. पण रडली."

मावशी एवढेच बोलल्या आणि ट्रे परत न्यायचा असूनही रिकाम्या हाताने निघून गेल्या. चिमटाबाईने पेन उचलले.

नमुना क्रमांक: २१४
वार पडल्याची वेळ: ९.१४
नमुना पोचल्याची वेळ: १०.०५
विलंब तीस मिनिटांहून अधिक असल्यास कारण (एकावर खूण करा): लिफ्ट / गर्दी / एकाच वेळी दोन बाळंतपणे / इतर ____________

तिने 'लिफ्ट'वर खूण केली. खूण जरा वाकडी आली.

याआधीचे दोनशे तेरा ट्रे मावशींनीच आणले होते, आणि त्यातला एकही अठरा मिनिटांच्या वर गेला नव्हता. हा दोनशे चौदावा त्यांच्या स्वतःच्या सुनेचा होता.

बाळाची बाजू

ही बाजू गुळगुळीत असते. वर निळसर चकचकीत पापुद्रा, आणि त्याखाली नाळेपासून फुटून कडेपर्यंत पसरत गेलेल्या शिरा, पानगळ झालेल्या झाडासारख्या. चार वर्षे झाली तरी चिमटाबाई प्रत्येक वार उलटी करण्याआधी क्षणभर हे झाड बघत असे. माणसाचे शरीर एक अख्खा अवयव बनवते, नऊ महिने वापरते आणि टाकून देते. दुसऱ्या कुठल्याही अवयवाच्या नशिबी हे नाही.

या वारेचे झाड मधोमध उभे नव्हते. नाळ अगदी काठाला चिकटलेली होती, आणि सगळ्या फांद्या एका अंगाला झुकल्या होत्या, वादळात वाढल्यासारख्या. वजन दोनशे तीस ग्रॅम. हवे त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त.

तिने चार ठिकाणांहून तुकडे कापले, वरचा पापुद्रा सोडवला, पाणी लाल व्हायचे थांबेपर्यंत तीन वाडग्यांतून धुतले आणि कुप्यांत घालून द्रव नायट्रोजनच्या वाफाळत्या थंड डब्यात सोडले. हात सवयीने चालले. उपयोग किती, हे तिला ठाऊक होते. इथे मोजायचे असतात ते पेशीपेशींत फिरणारे बारीक निरोप, म्हणजे आरएनए, आणि ते फार नाजूक. अर्ध्या तासाच्या वर गेले की विरायला लागतात.

दुपारी मोठ्या बाईंनी कागद पाहिला. प्रयोगशाळा त्यांची, अभ्यासही त्यांचाच.

"एक्कावन्न मिनिटं? हा आरएनएसाठी बाद."

"हो."

"वाईट वाटतं गं. इतकी छोटी वार आपल्याकडे पहिलीच. लिफ्टवाल्यांना पत्र टाक एक कडक."

"टाकते," चिमटाबाई म्हणाली. तिने ते टाकले नाही.

आईची बाजू

ही बाजू खडबडीत असते. गडद लाल, उशांसारखे उंचवटे, मध्ये खाचा. ही गर्भाशयाला धरून असते. इथून आईच्या पेशींचा पातळ थर खरवडून काढावा लागतो. नाहीतर ऐकायचे एकाचे आणि ऐकू येते दुसऱ्याचेच.

मावशींना या बाजूची माहिती चिमटाबाईपेक्षा बावीस वर्षे आधीपासून होती. प्रसूतिगृहात लागल्या तेव्हा एका म्हाताऱ्या सुईणीने त्यांना शिकवले होते: वार पडली की पालथी कर, उंचवटे जुळव, एखादा राहिला तर तो आत राहिला आणि बाई गेली. मावशींच्या बोटांना ते अजून पाठ होते. चिमटाबाईला हे नावही त्यांनीच दिलेले. "हातातला चिमटा काही सुटत नाही हिचा. चहाचा कपसुद्धा चिमट्यानं उचलेल एक दिवस."

सून अभ्यासात आली ती चोविसाव्या आठवड्यात, बाळ वाढत नाही असे दिसल्यावर. दर मंगळवारी तिच्या रक्ताची एक कुपी तळघरात यायची. कुपी रॅकमध्ये उभी आणायची असा नियम. मावशी ती ॲप्रनच्या खिशात घालून, वर हात ठेवून आणायच्या.

"मावशी, रॅक कशाला दिलाय?"

"रॅक हलतो. मी हलत नाही."

अशा दहा कुप्या झाल्या. पहिल्या दिवशी मावशींनी विचारले होते, "काय बघता एवढं रक्तात?"

"वारेच्या चिठ्ठ्या. वार अगदी बारीक चिठ्ठ्या लिहिते आणि आईच्या रक्तात सोडते."

"काय लिहिते?"

"बहुतेक चिठ्ठ्यांत एकच मजकूर. अमुक काम थांबवा, तमुक बोलणं बंद. कोणी किती बोलायचं ते त्या ठरवतात."

"म्हणजे सासू," मावशी म्हणाल्या.

चिमटाबाई हसली. मग तिने त्यांना ती गोष्ट सांगितली, जी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती स्वतः पुस्तक मिटून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती. बाळाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. पण या चिठ्ठ्या लिहिणारी जी जागा आहे, तिथे आईकडून आलेल्या प्रतीवर ठसा असतो: गप्प. वारेत तिथे फक्त बापाकडची प्रत लिहिते.

मावशींनी हातातली बादली खाली ठेवली.

"बाईच्या पोटात, बाईच्या रक्तावर, आणि चालतं बापाचं?"

"या जागी. दुसऱ्या एका जागी उलटं आहे, तिथे आईचं चालतं, बापाचं गप्प."

"ती जागा आधी सांगायची ना मग!" मावशी बादली उचलून गेल्या. जाताना जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, "ऐकलंस का, आत पण तेच आहे."

आई-बापांबरोबर आजी-आजोबांच्या गालाच्या आतली पुसणीही या अभ्यासात घेत असत, मिळाली तर. मावशींनी तेव्हा दिली नव्हती. "माझ्या गालात काय ठेवलंय."

पेटीची काच

सातव्या दिवशी चिमटाबाई काही कामाने तिसऱ्या मजल्यावर गेली. नवजात कक्षाबाहेरच्या बाकावर सुनेची आई बसली होती. विणलेली शाल, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मावशींचा मुलगा काचेला कपाळ टेकवून उभा होता. एकतीस वर्षांचा, उंच, आणि आत बघताना पाय जुळवून, शाळेत उभे राहावे तसा.

"नाक आमच्याकडचं आहे हं," विहीणबाई कोणा पाहुणीला सांगत होत्या. "कपाळ पण. वाढ तेवढी खुंटली. ते तिकडचं. जावईपण असेच झाले होते म्हणे, एवढुश्शे. त्यांच्या आईला त्याआधी दोन राहिलीच नाहीत. असतं बाई एकेका घराण्यात."

मुलाने काही ऐकल्याचे दाखवले नाही. मावशी चार पावलांवर फरशी पुसत होत्या. कामाच्या कपड्यांत त्या बाकावर कधी बसत नसत, आणि कामाच्या वेळेशिवाय त्या इथे नसतच. पोछा एकाच फरशीवर पुढेमागे जात होता. ती फरशी आधीच लख्ख होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमटाबाई कुलूप उघडायला आली तर मावशी दारात उभ्या. आत आल्या, स्टुलावर बसल्या आणि काही न बोलता तोंड उघडले.

चिमटाबाईने कापसाची काडी काढली. डाव्या गालाच्या आत तीस वेळा फिरवली. उजव्या गालात तीस वेळा. मावशींचे डोळे छताकडे होते, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे उतरत होते. पण ते तोंड फार वेळ उघडे ठेवल्यामुळेही येते.

"मला एवढंच सांग," काडी निघाल्यावर त्या म्हणाल्या. "त्या पोरीत जे अडलं, ते माझं आहे का."

"मावशी, असं एका—"

"सासू म्हणायची, तुझ्या पोटात जागाच नाही. दोन गेले. तिसरा राहिला तो मूठभर. मला वाटलं, संपलं तिथं. आता नातीत आलं." त्यांनी ॲप्रनच्या टोकाने तोंड पुसले. "नसेल तर बरं. असेल तर सांग, मी त्या काचेपाशी जाणार नाही."

"जाऊन काय होतं?"

"काही होत नाही. पण जाणार नाही."

उलटी बाजू

निरोप विरतात, ज्या कागदावरून ते उतरवले जातात तो मूळ कागद, डीएनए, विरत नाही. तो एक्कावन्न मिनिटे टिकतो, एक्कावन्न वर्षेही टिकतो. आणि ठसा असतो तो मूळ कागदावरच. नमुना दोनशे चौदा बाद होता तो आरएनएपुरता.

चिमटाबाईने मोठ्या बाईंना विचारले. मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"तीन पिढ्या आहेत आपल्याकडे?"

"कालपासून आहेत."

"मग विचारत काय बसलीस!"

नऊ दिवस लागले. एवढ्या दिवसांत मावशींनी एकदाही विचारले नाही. ट्रे आणले, तीन मिनिटांत. २१५, २१६, २१७. पेटीतल्या मुलीने पंधराशेचा आकडा ओलांडला, एक दिवस खाली आली, पुन्हा ओलांडला.

दहाव्या दिवशी आकडे आले तेव्हा चिमटाबाई एकटीच होती. तिने ते पाहिले, मग दहा मंगळवारांचे जुने आकडे काढून शेजारी ठेवले. मग उठली, आणि खिडकी नसलेल्या त्या खोलीत कुठे जाऊन उभे राहावे ते तिला कळेना. फ्रीजपाशी उभी राहिली.

मावशी चहाच्या वेळी आल्या.

"बसा."

"वाईट आहे."

"बसा तर."

बसल्या. चिमटाबाईने टेबलावर सलाइनच्या दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकीला चिमटा लावला.

"या तुमच्या मुलाच्या दोन प्रती. ही तुमच्याकडून आलेली, ही त्याच्या वडिलांकडून. तो तुमच्या पोटात होता तेव्हा त्याच्या वारेत वडिलांची चालू होती. तुमच्या प्रतीला चिमटा."

"ते मागेच सांगितलंस."

"पुढचं नव्हतं सांगितलं. ही प्रत त्याच्यात तशीच राहिली, गप्प. पण तो बाप होतो तेव्हा सगळे चिमटे काढून मग पुढे देतो. पुरुषाकडून जाते ती प्रत उघडी जाते. मग ती त्याला कोणाकडूनही मिळालेली असो." तिने चिमटा काढला. "दोन्हींतली एकच जाते. कोणती, ते कोणाच्या हातात नसतं. तुमच्या नातीला ही मिळाली."

मावशी नळीकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा लहान झाला.

"म्हणजे माझंच."

"हो. तुमची."

"मग तेच तर मी म्हणते आहे गेले—"

"ऐका ना. वार लहान राहिली ती नाळ काठाला चिकटली म्हणून. तुम्ही स्वतः पाहिलंय ना ते?"

मावशींनी दोन्ही हात ॲप्रनखाली घेतले.

"ते कुणाच्या प्रतीत लिहिलेलं सापडत नाही. बी पेरावं आणि ते बांधावर पडावं, तसं. आता हे बघा." तिने दुसरा कागद पुढे सरकवला. त्यावर दहा ठिपके होते, आणि ते पायऱ्यांसारखे वर जात होते. "हे दहा मंगळवार. सुनेच्या रक्तातल्या चिठ्ठ्या. जागा अपुरी, रक्त अपुरं, आणि तरी दर आठवड्याला चिठ्ठ्या वाढत गेल्यात. आमच्याकडच्या दोनशे तेरांमध्ये इतक्या कुणीच लिहिल्या नाहीत."

"कोण लिहीत होतं?"

"ही." तिने नळीवर बोट ठेवले.

मावशी नळीवर वाकल्या.

"त्यामुळं वाचली पोरगी?"

चिमटाबाईला हो म्हणता आले असते.

"तसं मी सांगू शकत नाही. कुणालाच सांगता येणार नाही. ती शेवटपर्यंत लिहीत होती, एवढं मात्र खरं."

मावशींनी एका बोटाने ठिपके मोजले. वारेचे उंचवटे जुळवावेत तसे, एकेकावर बोट टेकवत. दहाव्यापाशी बोट थांबले.

"एकतीस वर्षं गप्प होती?"

"एकतीस वर्षं."

"आणि बोलायला लागली तेव्हा मी तिला खिशात घालून नेत होते." त्यांचा हात आपोआप ॲप्रनच्या खिशात गेला, आणि तिथेच राहिला. त्या हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. मग एकदम थांबल्या. "आता? अजून लिहिते का?"

"नाही. वार गेली की संपतं. दोन दिवसांत सुनेच्या रक्तात एकही उरली नसेल. प्रत मुलीत आहे, पण तिच्या अंगात तिला काम नाही. आणि मुलगी पुढे देईल ती चिमटा लावून देईल."

"पुन्हा गप्प."

"पुन्हा. तिला मुलगा झाला आणि त्याला ती मिळाली, तर त्याच्या मुलांत कदाचित बोलेल."

मावशींनी हिशेब केला असावा, ओठ हलले. "तेव्हा आपण कोणी नसू."

"नसू."

"थांबेल की," मावशी म्हणाल्या. "सवय आहे तिला."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लिफ्ट अडकली नव्हती."

"हं."

"कपड्यांच्या खोलीत गेले होते. दार लावून घेतलं. पालथी केली, सुलटी केली. सगळं पाहिलं. एक राहिला असं झालं नव्हतं, सगळे होते, पण चिमुकले. पुन्हा मोजले. मग नाळ पाहिली. त्या कडेला. म्हटलं, एवढ्याशा बोटावर लटकून होतीस गं तू." त्यांनी दाराची कडी धरली. "घड्याळ पाहिलंच नाही मी. सव्वीस वर्षांत असं झालं नाही. तुझा नमुना बाद झाला ना?"

"अर्धा," चिमटाबाई म्हणाली. "अर्धा झाला."

"लिहून टाक काय ते. नोकरी गेली तर गेली."

"लिहिते. तुम्ही जा. भेटीची वेळ चार ते पाच असते."

"मला सांगतेस वेळ?" मावशी म्हणाल्या. मग ॲप्रनच्या गाठीला हात घालून ती सोडली, ॲप्रन काढला, घडी केली आणि चिमटाबाईच्या टेबलावर ठेवला. खिशाची बाजू वर.

त्या गेल्यावर चिमटाबाईने फाइल उघडली.

नमुना क्रमांक: २१४
विलंब तीस मिनिटांहून अधिक असल्यास कारण (एकावर खूण करा): ~~लिफ्ट~~ / गर्दी / एकाच वेळी दोन बाळंतपणे / इतर: आजी बघत होती.

बाहेर लिफ्टचे दार बंद झाल्याचा आवाज आला. दारावरचा आकडा एकेक करत वर गेला आणि तीनवर थांबला.